वर काय आहे?

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास भायखळ्याच्या राणीबागेत आम्ही अकरा जण एका झाडाखाली माना वर करून उभे होतो. मुंबईत दोन माणसं वर बघत उभी राहिली की तिसरा आपोआप थांबतो. अकरा उभी राहिली म्हटल्यावर आमच्यामागे लगेच एक अख्खं कुटुंब येऊन थांबलं. बाबा, आई, आजी, दोन मुलं आणि पुरीभाजीचा डबा.

"वर काय आहे?" बाबांनी विचारलं.

"उर्वशी," आमच्या बाई म्हणाल्या.

बाबा दचकले. आजींनी पदर सारखा केला. मग बाईंनी खुलासा केला, की उर्वशी हे या झाडाचंच नाव. मूळचं ब्रह्मदेशचं. तांबड्या फुलांचे हे जे लांबलचक घोस झुंबरासारखे लोंबतायत, त्यासाठीच लोक जगभर हे झाड लावायला धडपडतात आणि ते सहजासहजी कुणाकडे लागत नाही.

"म्हणजे तुम्ही झाड बघताय?"

"हो."

"नुसतं झाड?"

त्या 'नुसतं'मध्ये पन्नास रुपयांच्या तिकिटाचं सगळं दुःख होतं. कुटुंब पेंग्विनच्या दिशेनं निघून गेलं. जाताना धाकट्यानं मात्र एकदा मान वळवून वर बघितलं, आणि बाईंनी ते टिपलं. त्यांच्या हिशेबात दिवसाची भवानी झाली.

मी या मंडळींत कसा सापडलो, ते सांगायला हवं. निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, चाला. मी दिवाणखान्यात चालू लागलो. चार दिवसांनी बायको म्हणाली, "अहो, चालायचंच आहे तर घराबाहेर चाला." म्हणून मी राणीबागेत गेलो. फाटक बंद होतं. रखवालदार म्हणाला, "काका, आज बुधवार. बुधवारी बाग बंद. प्राण्यांना सुट्टी असते." चौतीस वर्षं नोकरी केली, पण आठवड्याच्या बरोब्बर मध्यावर पगारी सुट्टी ही कल्पना आमच्या युनियनला कधी सुचली नाही. गुरुवारी परत गेलो, आणि एका बाकावर बसलेल्या बाईंना विचारलं, "ते तिकडचं मोठं झाड कसलं हो?" वनस्पतिशास्त्र शिकवण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्या म्हणाल्या, "तुम्हाला कुणी 'तो तिकडचा जाडा माणूस' म्हटलं तर चालेल का?" त्या दिवसापासून मी त्यांचा विद्यार्थी आहे. हजेरी घेतली जाते.

नावाचा मुद्दा निघालाच आहे म्हणून सांगतो. या बागेला नावांचं दुर्भिक्ष कधीच नव्हतं. जन्मनाव व्हिक्टोरिया गार्डन्स. मुंबईकरांनी त्याचं केलं राणीबाग. त्यातही जुने लोक 'राणीचा बाग' म्हणतात आणि नवे 'राणीची बाग', आणि या लिंगभेदावरून आमच्या गटात दर पावसाळ्यात एक भांडण होतं. हल्लीचं अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले वनस्पती उद्यान व प्राणिसंग्रहालय. ते पूर्ण उच्चारेपर्यंत बस लालबागला पोचते, म्हणून कंडक्टर अजून 'राणीबाग' एवढंच ओरडतो. भायखळा हे नावदेखील 'भाया', म्हणजे बहावा, आणि 'खळं' यांवरून पडलं असं म्हणतात. म्हणजे या वस्तीच्या नावातच झाड आहे. आता इथे खळं शोधायला गेलात तर पुलाखालचा वाहनतळ मिळेल.

बागेचा जन्म शिवडीचा. तिथे पश्चिम भारताच्या कृषी-बागायती संस्थेची जुनी बाग होती. ती उठवून भायखळ्याला आणली, १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नी लेडी फ्रिअर यांनी नव्या बागेचं उद्घाटन केलं, आणि शिवडीच्या जागेवर पुढे दफनभूमी झाली. बागेची दफनभूमी होणं ही मुंबईतली तशी जुनीच रीत म्हणायची. शिवडीकरांनी फक्त ते प्रामाणिकपणे केलं, आजकालच्यासारखं वर बत्तीस मजले चढवून नव्हे. १८७३मध्ये ती संस्था मिटली आणि बाग नगरपालिकेच्या ओटीत आली. तोवर इथे मुख्य मान वनस्पतींचा होता. १८९०मध्ये प्राण्यांसाठी पंधरा एकर जागा जोडली आणि पाहुणे म्हणून आलेले वाघ-अस्वल हळूहळू घरमालक झाले. आज कुणालाही विचारा, राणीबाग म्हणजे प्राणी. लहानपणी मी पंगतीत दंगा केला की आत्या म्हणायची, "राणीच्या बागेतून सुटून आलाय मेला." झाडासारखा वागतोस, असं कुणी कधी म्हणालं नाही. म्हणालं असतं तर मी ती स्तुती समजलो असतो.

बागेत आणखी एक वर्ग आहे: निवृत्त पुतळे. स्वातंत्र्यानंतर शहरातून ज्यांची बदली झाली, त्यांतल्या काहींना इथे पोस्टिंग मिळालं. काळा घोडा म्हणून ज्याच्यावरून फोर्टमधल्या अख्ख्या भागाला नाव पडलं, तो घोडा आणि त्याच्यावर बसलेले सातवे एडवर्ड १९६५पासून इथे आहेत. राजाला लोक घोड्याच्या नावानं ओळखत, यात त्याचं काय ते मूल्यमापन आलंच. २०१७मध्ये काळा घोडा चौकात नवा घोडा बसवला, तो बिनस्वाराचा. म्हणजे घोड्याची जागा भरली, राजाची रिकामीच ठेवली. सरकारी कचेऱ्यांत पद रद्द करतात ते असं. मी सकाळी एडवर्डच्या शेजारून जाताना मान हलवतो. दोघेही पेन्शनर.

आता मूळ गोष्टीकडे येतो. २००७च्या सुमारास महापालिकेनं बागेला आंतरराष्ट्रीय दर्जाचं प्राणिसंग्रहालय करायचं ठरवलं. परदेशी सल्लागार आले. आराखडा चारशे कोटींच्या वर गेला. सकाळी इथे फिरायला येणाऱ्या काही जणींच्या लक्षात आलं, की या आराखड्यात जिराफाला जागा आहे, उपाहारगृहाला आहे, गाड्यांना आहे. फक्त जी झाडं दीडशे वर्षं उभी आहेत ती नेमकी या सगळ्याच्या मधे येतायत. माहितीच्या अधिकाराचे अर्ज झाले, सह्या झाल्या, निवेदनं झाली, लोकांना हाताला धरून झाडं दाखवणं झालं. सेव्ह राणीबाग बोटॅनिकल गार्डन फाउंडेशन उभं राहिलं. या बागेत २८६ जातींची तीन हजारांवर झाडं आहेत आणि एकूण वनस्पतींच्या ८५३ जाती आहेत, हे आकडे या बायकांनी इतक्यांदा इतक्या टेबलांवर ठेवले, की शेवटी टेबलांना पाठ झाले असतील. बाग वारसा यादीत होतीच. शहराच्या वारसा समितीनं तो आराखडा नाकारला. पुढे जे झालं ते बरंच आवरतं घेऊन झालं.

मी तेव्हा कुठे होतो? दिवाणखान्यात. वर्तमानपत्रात बातमी वाचून "काही होणार नाही या देशाचं" म्हणालो होतो, आणि चहा मागितला होता. नागरिक म्हणून माझा सहभाग एवढाच.

पण या लढाईतली मेख मला फार उशिरा कळली. आपली समजूत अशी, की बाग वाचवणारे लोक बागेत काहीतरी करतात. खड्डे खणतात, रोपं लावतात, फोटो काढतात. इथे उलटं आहे. इथे वाचवणं म्हणजे कुणालाही काही करू न देणं. आणि काही न करणं हे किती कष्टाचं काम आहे ते निवृत्त माणसालाच कळेल.

सगळ्यात घातक शब्द म्हणजे सुशोभीकरण. हा शब्द फलकावर दिसला की आमच्या बाईंचा रक्तदाब वाढतो. सुशोभीकरण म्हणजे काय, हे तुम्ही तुमच्या गल्लीतल्या बागेत बघितलं असेलच. आधी माती दिसेल तिथे पेव्हर ब्लॉक बसवायचे, कारण माती दिसणं हे मागासलेपणाचं लक्षण. मग झाडाच्या बुंध्याला गळफास बसेल असा सिमेंटचा कट्टा बांधायचा. बुंध्याला गेरू आणि चुना फासायचा, म्हणजे झाड मैलाच्या दगडासारखं दिसतं. फांद्यांना दिव्यांच्या माळा गुंडाळायच्या. त्या दिवाळीला लावतात आणि होळीपर्यंत काढत नाहीत. कचरापेटीचा आकार सशाचा असलाच पाहिजे आणि सशाचं तोंड कायम उघडं हवं. शेवटी एक बाक. बाकावर ज्यांच्या निधीतून तो झाला त्यांचं नाव इतकं मोठं, की बसताना अपराधी वाटावं. आपण नेमके कुणावर बसतोय याचा विचार येतो. इतकं सगळं झालं, की बाग सुंदर झाली म्हणून फीत कापतात, आणि दोन वर्षांनी त्या कट्ट्याच्या आत झाड का वाळलं याची चौकशी लावतात.

बाईंचं म्हणणं एका वाक्यात असतं: "झाडाला शोभा आणायला झाडच पुरतं हो."

आमच्या रविवारच्या टोळक्यात सात बायका आणि चार पुरुष. मला आधी हा योगायोग वाटला. मग लक्षात आलं, की बागेचं नाव आधी राणीचं, नंतर जिजाऊंचं. उद्घाटन लेडी फ्रिअरचं. उर्वशीचं शास्त्रीय नाव लेडी अ‍ॅम्हर्स्टवरून. या बागेत पुरुष दोनच प्रकारचे: घोड्यावरचे आणि बाक शोधणारे. आम्हा चौघांपैकी कामाचे एकटे मोजणीकाका. ते बँकेत होते. मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्यांच्या पिशवीत शिंप्याची टेप, खडू, वही आणि वहीला दोरीनं बांधलेलं पेन असतं. पेन बांधायची सवय बँकेतली.

एका रविवारी त्यांनी मला मदतनीस म्हणून घेतलं. झाडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजतात, हे मला तिथे कळलं.

"कुणाच्या छातीच्या?" मी विचारलं. प्रश्न रास्त होता. मोजणीकाका सहा फूट आहेत आणि मी पाच फूट तीन. माझ्या छातीशी मोजलं तर झाड जाडं, त्यांच्या छातीशी मोजलं तर बारीक. एकच झाड दोघांच्या वहीत दोन वयांचं झालं असतं.

"एक मीटर सदतीस सेंटिमीटर," काका म्हणाले. "जगात कुणाचीही छाती कुठेही असो."

त्यांनी स्वतःच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणाखाली खडूनं खूण केली होती. माझ्या शर्टावर करायला गेले तर ती थेट हनुवटीच्या खाली आली, म्हणून मला टेपचं टोक धरून झाडाला प्रदक्षिणा घालायचं काम मिळालं. गोरखचिंचेपाशी पोचलो तेव्हा पंचाईत झाली. ही आफ्रिकेची बाई; हिचा बुंधा म्हणजे बुंधा नव्हे, चाळीची खोली आहे. मी टेप धरून निघालो, वळलो, परत वळलो, आणि काका दिसेनासे झाले. पलीकडून आवाज आला, "पोचलात का?" मी म्हटलं, "कुठे?" टेप संपली होती. शेवटी एका काकूंनी आपली ओढणी दिली आणि मापाच्या नोंदीत "टेप अधिक ओढणी" असं लिहिलं गेलं. ती नोंद काकांनी पुढच्या रविवारी नवी टेप आणून शुद्ध केली. आठवडाभर त्यांना झोप नव्हती म्हणे.

हे मोजणं छंदापुरतं नाही. महाराष्ट्रात १९७५चा वृक्षसंरक्षणाचा कायदा आहे. त्यात २०२१ साली दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षांच्या वरचं झाड वारसा वृक्ष ठरलं. असं झाड तोडायचंच झालं, तर त्याचं जितकं वय तितकी नवी झाडं लावायची. मी हा नियम घरी सांगितला. म्हटलं, "बघ, पन्नाशीच्या वर वारसा. मी बासष्ट. मला हात लावायला परवानगी लागेल." बायको म्हणाली, "आधी सोफ्यावरून उठा, केर काढायचाय." नंतर मी विचार करत बसलो. झाड गेलं तर त्याच्या जागी त्याच्या वयाइतकी झाडं. मी निवृत्त झालो तेव्हा कंपनीनं माझ्या जागी एकही माणूस लावला नाही. टेबलसुद्धा काढून टाकलं. तिथे आता पाण्याची बाटली ठेवायचं यंत्र आहे आणि ऐकतो, काम आधीपेक्षा बरं चाललंय.

सगळ्या दुरुस्त्या वाईटच असतात असं मात्र मी म्हणणार नाही. बागेच्या दाराशीच भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. ते १८७२चं, मुंबईतलं सगळ्यात जुनं. एकेकाळी तिथे शाळेच्या सहलीबरोबर गेलो होतो. धूळ, अंधार आणि 'हात लावू नका' एवढं आठवतं. महापालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी मिळून ते दुरुस्त केलं आणि २००५मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. आज आत शिरलं की आपण चुकून कुणा श्रीमंताच्या लग्नाला आलोय असं वाटतं. मी तर चपला काढायला वाकलो होतो. त्या कारागिरांनी काय केलं? जे होतं तेच पुन्हा दिसू दिलं. वरून सशाची कचरापेटी ठेवली नाही.

त्याच आवारात एक दगडी हत्ती उभा आहे. घारापुरीच्या बेटाला इंग्रजीत एलिफंटा म्हणतात, ते या हत्तीमुळे. १८६४मध्ये साहेबाला वाटलं, हा विलायतेला न्यावा. उचलायला गेले आणि क्रेन मोडली. हत्ती पडला, तुकडे झाले. मग ते तुकडे इथे आणून १९१४मध्ये जोडले. म्हणजे पन्नास वर्षं हा हत्ती सुट्या भागांत होता. मी त्याच्याकडे बघतो तेव्हा मला वाटतं, बरं झालं क्रेन मोडली. नाहीतर आज लंडनला तिकीट काढून बघायला लागला असता, आणि तिथेही बुधवारी बंद असता. एखादं काम फसणं हासुद्धा कधीकधी वारसा जपण्याचा मार्ग असतो. आमच्या बाई या हत्तीला लवून नमस्कार करतात. मोजणीकाकांनी त्याचे सांधे मोजले आहेत.

राहता राहिला पेंग्विन. २०१६मध्ये सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले, त्यांच्यासाठी सोळा ते अठरा अंश गारव्याचं घर झालं, आणि पुढच्या वर्षी लोकांसाठी ते खुलं झाल्यावर पाच रुपयांचं तिकीट पन्नासावर गेलं. मे महिन्यात भायखळ्यात त्या तापमानात राहायला मिळणारे रहिवासी ते एवढेच. आमच्या गटात पेंग्विनवरून दोन तट आहेत. बाई त्यांचं नाव घेत नाहीत. 'ते आतले' म्हणतात. मला मात्र त्यांच्याबद्दल एक सहानुभूती आहे. काळा कोट, पांढरा शर्ट, तुरुतुरु चाल आणि चेहऱ्यावर 'साहेब अजून आले नाहीत का' हा भाव. चौतीस वर्षं मी आरशात तेच बघितलं.

शिवाय पेंग्विनमुळे रांग लागते. ही रांग फुकट का घालवायची, असं मला वाटलं. रांगेतल्या माणसाला पळून जाता येत नाही. झाडांची माहिती सांगायला याहून चांगलं गिऱ्हाईक कुठलं? बाईंची परवानगी न घेता एका रविवारी मी रांगेला समांतर उभा राहिलो आणि पहिल्याच माणसाला म्हटलं, "नमस्कार. तुम्हाला कैलासपती माहीत आहे का?"

"कुठल्या पक्षात आहे?"

मी त्याला सांगितलं, की हे दक्षिण अमेरिकेतून आलेलं झाड, याच्या फुलात शंकराच्या पिंडीवर नागानं फणा धरल्यासारखा आकार दिसतो, आणि फळं थेट खोडावर लगडतात, तोफेच्या गोळ्याएवढी.

"खातात?"

"नाही. फुटलं की घाण वास येतो."

"मग उपयोग काय?"

मी गप्प झालो. या प्रश्नाला उत्तर नसतं असं नाही. पण जो विचारतो त्याला ते नको असतं. तेवढ्यात त्याच्या पाच-सहा वर्षांच्या मुलीनं विचारलं, "आजोबा, गोळा डोक्यावर पडला तर?"

"तर टेंगूळ येईल."

"पडलाय का कधी कुणाच्या?"

मी म्हटलं, माहीत नाही. तिनं बापाचा हात सोडला आणि "मग आपण बघायला जाऊ या" म्हणाली. बापानं दंड धरून तिला परत रांगेत ओढलं. पेंग्विन जवळ आला होता.

हे मी बाईंना सांगितलं. वाटलं, रागावतील. त्या म्हणाल्या, "तुमचं एक चुकलं. पिंडीपासून सुरुवात केलीत. टेंगळापासून करायला हवी होती."

ही शिकवण मी फार मनावर घेतली असावी. परवाच्या रविवारी पुन्हा उर्वशीखाली आम्ही माना वर करून उभे, आणि पुन्हा मागून प्रश्न आला, "वर काय आहे?" या वेळी बाई सीता अशोकाचा मोहोर दाखवायला चार पावलं पुढे गेल्या होत्या. उत्तर द्यायची पाळी माझ्यावर आली. 'नुसतं झाड' ऐकायची माझ्यात ताकद नव्हती.

"पेंग्विन," मी म्हटलं.

"झाडावर?"

"बघा ना नीट. फांदीच्या मागे."

माणूस थांबला. त्याची बायको थांबली. मागचे चौघे थांबले. "कुठाय?" "तो बघ काळा." "अरे नाही, ती सावली." "फुलं काय मस्त आहेत गं!" "फुलं सोड, पेंग्विन बघ." तीन मिनिटांत तिथे वीस-पंचवीस माणसं झाली, सगळ्यांच्या माना वर आणि सगळ्यांचे मोबाइल उर्वशीवर रोखलेले. बाई परत आल्या. त्यांनी गर्दी बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांना सगळं कळलं. शाळेत असतो तर मला वर्गाबाहेर उभं केलं असतं. पण पंचवीस माणसं वर बघतायत, हे दृश्य त्यांनाही आयुष्यात पुन्हा दिसणार नव्हतं. त्यांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली, "तर हे जे तुम्ही बघताय, हे मूळचं ब्रह्मदेशातलं…"

गर्दीच्या कडेला एक रखवालदार येऊन उभा होता. तोही मान वर करून बघत होता. मग त्यानं वॉकीटॉकी तोंडाशी नेला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "अरे, आतले सगळे एकदा मोजून घे रे."

मोजणीकाका टेप काढून धावले.